तालमीतले बोनस एकमेकांवर चढू लागले, तर दोष कुठे शोधावा

ऑनलाइन रोलप्लेइंग खेळात, म्हणजे ज्यात खेळाडू एक पात्र घडवून वाढवत नेतो अशा खेळात, सरावाचे बोनस चुकीने एकमेकांवर चढले की काही पात्रे हिशेबाबाहेर बलवान होतात. या दोषाची आधी लक्षणे सांगतो, कारण आपल्या खेळात हाच दोष आहे की दुसराच काही, हे त्यांवरूनच ठरते.

एकाच आठवड्यात तयार केलेली दोन पात्रे असतात, दोन्ही खेळाडू रोज साधारण सारखाच वेळ देतात, आणि तरीही महिनाभरात एकाचे बळ दुसऱ्याच्या तिप्पट-चौपट झालेले दिसते. वाढीचा आलेख काढला तर बहुतेक पात्रांची रेघ सरळ तिरकी चढत जाते, पण चार-दोन पात्रांची रेघ मात्र वर वळत जाते आणि दर आठवड्याला अधिकच उभी होते. सणाच्या दिवशी किंवा सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर काही पात्रे एकदम उडी घेतात. उलट नवख्या खेळाडूला पडद्यावर ‘बोनस लागू’ असे दिसते, पण हातात पडणारे गुण पूर्वीइतकेच असतात. आणखी एक लक्षण सहसा उशिरा लक्षात येते: अंगावरचा ताईत किंवा कडे उतरवल्यावर पात्राचे बळ मूळ आकड्यावर परत येत नाही, थोडे वर किंवा थोडे खाली राहते.

यांपैकी दोन लक्षणे एकत्र दिसत असतील, तर पुढचे सर्व आपल्यासाठी आहे.

मी सांगलीत राहतो आणि काही मित्रांबरोबर ब्राउझरवर चालणारा एक छोटा मराठी रोलप्लेइंग गेम चालवतो. त्यात पात्र गावच्या तालमीत दाखल होते आणि कुस्ती, दांडपट्टा, लाठी, घोडदौड किंवा वैदूगिरी यांपैकी हवे ते शिकते. सरावाच्या प्रत्येक फेरीला मूळ गुण मिळतात आणि त्यांवर पाच बोनस लागू शकतात: वस्तादाचा २५ टक्के, खुराकाचा २० टक्के, तालमीच्या दर्जाचा ३० टक्के, जोडीदाराबरोबर सराव केल्याचा १० टक्के आणि सणाचा ५० टक्के. पुढची सर्व उदाहरणे याच पाच आकड्यांवर दिली आहेत. आमच्या खेळात हा दोष वेगवेगळ्या वेशात अनेकदा आला, आणि सातारा व कऱ्हाडकडच्या ओळखीच्या दोन मंडळींच्या खेळांतही तो मी शोधून दिला आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो: बोनसचा आकडा बहुतेक वेळा बरोबर असतो, तो कुठे आणि कितीदा जोडला जातो तिथे चूक असते. म्हणून तक्रार आल्याबरोबर आकडा कमी करू नये.

ही चूक मी स्वतः केली आहे. पहिल्यांदा तक्रारी आल्या तेव्हा मी घाईने खुराकाचा बोनस २० वरून १० टक्क्यांवर आणला. तिसऱ्या दिवशी शिराळा तालुक्यातल्या एका खेळाडूच्या वडिलांचा फोन आला. “मालक, पोरगं रोज नेमानं सराव करतंय, त्याचंच कापलंसा. ज्यानं ढापलंय तो अजून तसाच हाय की!” त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पुढे गेलेल्या पात्रांचा खुराकाशी काहीच संबंध नव्हता. त्यांना सणाचा बोनस दोनदा मिळत होता. प्रामाणिक खेळाडूंचे नुकसान झाले आणि दोष तिथेच राहिला.

पैसे आणि श्रम न लागणाऱ्या तपासण्या

सर्वांत आधी डेटाबेसचा बॅकअप घ्यावा आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नये, कारण अर्धवट लिहिली गेलेली फाइल नावाने आणि आकाराने अगदी बरोबर दिसू शकते. पुढच्या प्रत्येक पायरीवर चुकण्याचा संभव असतो आणि खेळाडूंचे महिनोनमहिन्यांचे श्रम त्या एका फाइलीत असतात.

त्यानंतर हा दोष आहे तरी का, हे पाहावे. एकूण गुणांची तुलना न करता सरावाच्या तासामागे किती गुण मिळाले, हे काढावे. रात्री चार तास खेळणारा विद्यार्थी अर्धा तास खेळणाऱ्या दुकानदाराच्या पुढे गेला, तर तो दोष नव्हे. तुलना करताना सरासरीवर भिस्त ठेवू नये. दहा खेळाडूंपैकी नऊ जणांना तासाला ४० गुण आणि एकाला ९०० गुण मिळत असतील, तर सरासरी १२६ येते आणि जणू सगळेच फार वेगाने वाढत आहेत असे वाटते. त्याऐवजी आकडे चढत्या क्रमाने लावून मधला आकडा पाहावा. तो ४० येतो आणि एकच पात्र वेगळे आहे हे लगेच दिसते. या एका गणिताने आमच्याकडच्या निम्म्या तक्रारी पुढे न जाता मिटल्या.

मग सेटिंगची यादी उघडून मुदत संपलेले बोनस अजून चालू आहेत का, तेवढे पाहावे. दिवाळीचा बोनस संक्रांतीपर्यंत चालू राहिल्याचे मी दोनदा पाहिले आहे. पाच मिनिटांचे काम आहे.

कोऱ्या पात्राची बेरीज

ही तपासणी एका दुपारची आहे, पण सर्वांत जास्त दोष हिच्यात सापडतात, म्हणून ती सविस्तर सांगतो.

मूळ गुण नेमके १०० मिळतील असे एक कोरे पात्र चाचणीच्या सर्व्हरवर तयार करावे आणि त्याला पाचही बोनस एकदम लावावेत. आमचे बोनस एकमेकांत मिळवले, तर २५, २०, ३०, १० आणि ५० मिळून १३५ टक्के होतात आणि पात्राला २३५ गुण मिळायला हवेत. पण प्रत्येक बोनस आधीच्या उत्तराला गुणत गेला, तर १०० चे १२५, १५०, १९५, २१४.५ आणि शेवटी ३२१.७५ होतात. आकडे तेच, फरक सत्याऐंशी गुणांचा, आणि तोही एका फेरीत.

तिसरेही एक उत्तर येऊ शकते आणि प्रत्यक्षात तेच जास्त वेळा येते. पहिले चार बोनस मिळवलेले असतात, पण सणाचा बोनस नंतर कुणीतरी घाईत जोडलेला असतो आणि तो शेवटी एकूण उत्तराला गुणतो. तेव्हा १८५ ची दीडपट होऊन २७७.५ येतात. म्हणून उत्तर २३५ च्या आसपास आले, २७७ आले की ३२१ आले, एवढ्यावरून कोडमध्ये कुठे पाहायचे ते कळते. हे तिन्ही आकडे आपल्या खेळाच्या बोनसांप्रमाणे आधी कागदावर काढून ठेवावेत आणि मगच सरावाचे बटण दाबावे. उत्तर पाहून मग हिशेब जुळवत बसले, की मन कोणत्याही आकड्याला बरोबर ठरवते.

तिन्हींपैकी एकही उत्तर आले नाही, तर एकेक बोनस वेगळा लावून पाहावा आणि नंतर जोड्या लावाव्यात. पाच बोनसांच्या जोड्या दहाच होतात. सगळी मिळून ३२ जुळण्या होतात, त्यांत काहीच न लावलेले कोरे पात्रही आले, आणि तीही तपासावीच. आमच्याकडे एकदा कोऱ्या पात्रालाच १०० ऐवजी ११० गुण मिळत होते, कारण जोडीदाराचा बोनस जोडीदार नसतानाही लागू होत होता: पात्र स्वतःलाच आपला जोडीदार धरत होते.

बोनस मिळवावेत की गुणावेत, यावर माझे मत स्पष्ट आहे. मिळवावेत. गुणाकारात प्रत्येक नवा बोनस आधीच्या सर्वांचे मोल वाढवतो, त्यामुळे ज्याच्याकडे चार बोनस आहेत त्यालाच पाचव्याचा सर्वाधिक लाभ होतो. बेरजेत उलट घडते. ज्याच्याकडे काहीच नाही अशा नवख्याला सणाचे ५० टक्के पूर्ण मिळतात, पण आधीच ८५ टक्के असलेल्या जुन्या खेळाडूचे गुण १८५ वरून २३५ होतात, म्हणजे त्याची प्रत्यक्ष वाढ सुमारे २७ टक्केच असते. सणाला जुने-नवे एकत्र यावेत असे वाटत असेल, तर हेच हवे. अगदीच गुणाकार ठेवायचा असेल, तर बोनसांचे दोन गट करावेत, गटाच्या आत बेरीज आणि दोन गटांत गुणाकार. तिसरा गट करू नये.

बेरीज करूनही आकडा फार वर जात असेल, तर एकदम भिंत घालण्यापेक्षा उतरता लाभ द्यावा. एकूण बोनसला १५० ने गुणावे आणि त्याच एकूण बोनसात १५० मिळवून येणाऱ्या आकड्याने भागावे. ५० टक्क्यांचे ३७.५ होतात, १५० चे ७५ आणि ३०० चे १००. कितीही बोनस गोळा केले तरी १५० कधी ओलांडले जात नाहीत, आणि तरीही प्रत्येक नव्या बोनसने थोडी भर पडते. सरळ भिंत घातली, तर तिच्यापाशी पोहोचलेल्या खेळाडूला नवा वस्ताद शोधण्याचे कारणच उरत नाही.

अपूर्णांक कुठे टाकला जातो

नवख्याला बोनस दिसतो पण मिळत नाही, या तक्रारीचे मूळ जवळजवळ नेहमी इथे असते. नव्या पात्राला एका फेरीला ३ मूळ गुण मिळतात असे धरा. पाचही बोनस गुणाकाराने लावले, तर खरे उत्तर साडेनऊच्या थोडे पुढे येते. आता प्रत्येक टप्प्यावर अपूर्णांक टाकून दिला, तर ३.७५ चे ३, ३.६ चे ३, ३.९ चे ३, ३.३ चे ३ आणि शेवटी ४.५ चे ४ राहतात. पाच बोनस लावून खेळाडूला एकच जादा गुण मिळतो. उलट प्रत्येक टप्प्यावर वरच्या पूर्णांकाला नेले, तर ४, ५, ७, ८ आणि १२ असे चढत जाते. एकच फेरी, तेच बोनस, आणि उत्तर ४ पासून १२ पर्यंत कुठेही.

१०० मूळ गुणांच्या चाचणीत हा दोष फारसा दिसत नाही, म्हणून कोऱ्या पात्राची चाचणी ३ मूळ गुणांनीही एकदा करावी. उपाय साधा आहे. गुण शंभरपटीने पूर्णांकात साठवावेत, म्हणजे ३ च्या जागी ३००, आणि सर्व हिशेब झाल्यावर एकदाच पूर्णांक करावा. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की तिथली पूर्णांक करणारी ‘राउंड’ ही आज्ञा नेमक्या अर्ध्यावर सम संख्येकडे जाते: ६.५ चे ६ होतात, पण ७.५ चे ८. शाळेत शिकलेल्या नियमाने पडताळा घेतला, तर काही फेऱ्यांत एका गुणाचा फरक येतो आणि माणूस विनाकारण रात्रभर शोधत बसतो.

घड्याळ

वेळेशी निगडित दोष दोन प्रकारचे असतात आणि दोन्ही मी जवळून पाहिले आहेत.

पहिला सणाचा. बत्तीस शिराळ्याची नागपंचमी आमच्या खेळात मोठा दिवस असतो आणि त्या दिवशी सणाचा बोनस लागतो. सणाची तारीख आम्ही भारतीय वेळेप्रमाणे लिहिली होती, पण रोजच्या ३०० गुणांची मर्यादा सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे शून्य करत होता. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणून मर्यादा मध्यरात्री न बदलता पहाटे साडेपाचला बदलत होती. जो पहाटे चारला उठून सराव करी आणि सहा वाजता पुन्हा बसे, त्याला एकाच सणात दोन दिवसांची मर्यादा मिळे. आमचे काही खेळाडू खरोखरच तालमीत जाणारे आहेत, पहाटे उठणे त्यांच्या अंगवळणी पडलेले. त्यांनी काहीही गैर केले नव्हते. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, भारतीय वेळेने पाच ते सहाच्या दरम्यान गुणांची दाटी दिसली, तर हाच दोष समजावा. सर्व वेळा एकाच प्रमाणवेळेत साठवाव्यात आणि ‘दिवस’ कुठे सुरू होतो हे कोडमध्ये एकाच ठिकाणी ठरवावे. सण आणि मर्यादा दोघांनीही तिथूनच विचारून घ्यावे.

दुसरा प्रकार २०१९ च्या महापुरानंतर घडला. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेले, आणि गावभागातल्या मित्राच्या घरी असलेला आमचा सर्व्हर बंद करून माळ्यावर चढवावा लागला. पाणी ओसरल्यावर आम्ही तो उतरवला, पुसला, वाळवला आणि सुरू केला. यंत्र चालले, खेळ उघडला, आम्हाला आनंदच झाला. पण आतल्या घड्याळाची नाण्याएवढी बॅटरी संपली होती आणि यंत्राच्या मते तो दिवस १ जानेवारी २०१२ होता. इंटरनेटवरून वेळ जुळवणारा प्रोग्राम आम्ही लावलेला होता, पण तो जुन्या पद्धतीचा एनटीपीडी. वेळेत १००० सेकंदांहून जास्त तफावत दिसली की तो दुरुस्ती न करता बंद होतो. त्या दुपारी अकरा खेळाडू आत येऊन गेले आणि त्यांच्या नावापुढे ‘शेवटची भेट’ म्हणून २०१२ सालची तारीख लिहिली गेली. संध्याकाळी मी वेळ हाताने बरोबर केली. रात्री तेच अकरा जण परत आले, तेव्हा खेळाच्या हिशेबी ते साडेसात वर्षांहून अधिक काळ विश्रांती घेत होते. खेळाबाहेर असतानाही पात्राचा सराव चालू धरला जातो, त्याचे तासाला दोन गुण या दराने प्रत्येकाला सव्वा लाखाहून जास्त गुण मिळाले. नेमाने खेळणारा माणूस वर्षात चाळीस हजारांपर्यंत जाई.

तेव्हापासून आमच्याकडे तीन नियम आहेत. बाहेर असतानाचा सराव जास्तीत जास्त ७२ तासांचा धरला जातो. ‘आता’ आणि ‘शेवटची भेट’ यांची वजाबाकी ऋण आली, तर गुण देत नाही आणि नवी तारीखही लिहून घेत नाही. आमच्या जुन्या कोडमध्ये गुण न देण्याची काळजी होती, तारीख न लिहिण्याची नव्हती, आणि सारा घोटाळा ती दुसरी काळजी नसल्याने झाला. सर्व्हर सुरू होताना त्याची वेळ डेटाबेसातल्या सर्वांत अलीकडच्या नोंदीपेक्षा मागे असेल, तर खेळ उघडतच नाही. घड्याळाची बॅटरी किरकोळ किमतीत मिळते. दोन-तीन वर्षांनी बदलून टाकावी.

उतरवलेला ताईत

इथून पुढे कोड वाचता येणे आवश्यक आहे. ताईत घातल्यावर बळ १० टक्क्यांनी वाढवून तेच नवे बळ डेटाबेसात लिहायचे आणि उतरवल्यावर १० टक्के कमी करायचे, अशी रचना पुष्कळ ठिकाणी आढळते. २०० चे २२० होतात, पण २२० मधून १० टक्के काढले की १९८ उरतात. पात्राचे दोन गुण नाहीसे झाले. याहून वाईट म्हणजे उतरवण्याच्या अनेक वाटा असतात: पात्र स्वतः उतरवते, विकते, कुस्ती हरल्यावर ताईत गमावते किंवा त्याचे कनेक्शन तुटते. यांपैकी एका वाटेवर वजाबाकी विसरली गेली, तर दर वेळी १० टक्के कायमचे चिकटतात आणि दहा वेळा कुस्ती हरलेले पात्र जवळजवळ २.६ पट बलवान होते. आलेखावर वर वळणारी रेघ दिसली, तर त्या पात्राने किती वेळा ताईत बदलला ते मोजावे.

वाटा एकेक करून बुजवत बसू नये, कारण पुढच्या वर्षी कुणीतरी नवी वाट जोडेलच. मूळ बळ एका रकान्यात ठेवावे आणि त्याला फक्त सरावाने हात लागावा. चालू बोनसांची यादी वेगळी ठेवावी, आणि पडद्यावरचे बळ दर वेळी या दोहोंवरून नव्याने काढावे. साठवलेल्या आकड्याला बोनसने कधीही हात लावू नये, हा नियम मला इतर सर्व नियमांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

स्वतःलाच वाढवणारा गुण

‘आकलन’ किंवा ‘बुद्धी’ असा एखादा गुण सरावाचा वेग वाढवतो आणि तो गुण स्वतःही सरावानेच वाढतो, अशी रचना असेल, तर बाकी सर्व हिशेब बरोबर असूनही पात्रे दूर निघून जातात. रोज वेग २ टक्क्यांनी वाढत राहिला, तर ३५ दिवसांत तो दुप्पट आणि ९० दिवसांत जवळजवळ सहापट होतो. हे चक्रवाढ व्याज आहे, फक्त गुणांचे.

मोठ्या खेळांनाही हे भोवले आहे. २००३ साली सुरू झालेल्या ईव्ह ऑनलाइनमध्ये शिकण्याचा वेग वाढवणारी कौशल्येच वेगळी होती, आणि शहाणा नवखा खेळाडू बाकी सर्व बाजूला ठेवून आधी तीच शिकत बसे. डिसेंबर २०१० मध्ये ती काढून टाकली गेली आणि त्यांवर खर्च झालेले गुण खेळाडूंना परत देण्यात आले. आम्हीही तोच मार्ग धरला: आकलन सरावाचा वेग वाढवते, पण स्वतःचा वाढवत नाही, आणि त्याचा एकूण लाभ १० टक्क्यांपुढे जात नाही. १९७४ च्या डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळात पात्राच्या मुख्य गुणामुळे अनुभवात जास्तीत जास्त १० टक्केच वाढ मिळे. त्या संयमाचे कारण मला हा दोष भोगल्यावर उमगले.

एकाच क्षणी दोन नोंदी

ही शेवटची तपासणी आणि सर्वांत अवघड. लॉगमध्ये एकाच पात्राच्या एकाच सेकंदातल्या दोन नोंदी शोधाव्यात. आमच्या लॉगमध्ये त्या अशा होत्या: ‘२१:४७:०६, लाठी, ४० गुण, शिल्लक मर्यादा ४०’ आणि लगेच खाली तीच ओळ जशीच्या तशी, शिल्लक मर्यादाही तीच. पहिल्या विनंतीने मर्यादा वाचली, ती कमी करून लिहिण्याआधीच दुसरीनेही वाचली, आणि दोघींनाही परवानगी मिळाली.

असे दिसल्याबरोबर खेळाडूवर लबाडीचा आरोप करू नये. डोंगराळ भागात मोबाइलची रेंज येत-जात असते. बटण एकदाच दाबलेले असते, पण उत्तर वेळेत न आल्याने ब्राउझर किंवा ॲप तीच विनंती पुन्हा पाठवते. प्रत्येक फेरीला वेगळा क्रमांक देऊन तो क्रमांक डेटाबेसात दुसऱ्यांदा येऊच नये असे बंधन घालणे, आणि मर्यादा वाचणे व लिहिणे हे दोन्ही एकाच व्यवहारात, ती ओळ कुलूपबंद करून करणे, हा यावरचा उपाय आहे. पण असे व्यवहार (ट्रान्झॅक्शन) आणि कुलपे (लॉक) यांचे काम आपण पूर्वी केलेले नसेल, तर इथे थांबावे आणि डेटाबेस जाणणाऱ्या अनुभवी प्रोग्रामरला बोलवावे. हा दोष चाचणीच्या सर्व्हरवर सहसा दिसत नाही, गर्दीच्या वेळीच दिसतो, आणि चुकीचे कुलूप लावले तर सगळा खेळ ऐन संध्याकाळी अडकून पडतो. मी हे काम स्वतः केले नाही, करवून घेतले.

दुरुस्तीनंतर जादा मिळालेल्या गुणांचे काय करावे, हा प्रश्न उरतोच. ज्यांच्याकडून चूक झालेली नाही, त्यांचे गुण मी शक्यतो काढत नाही. त्यांचा पुढचा बोनस काही काळ कमी ठेवतो आणि तसे उघड सांगतो. महापुरानंतरच्या त्या अकरा जणांचे गुण मात्र बॅकअपवरून पूर्ववत केले, आधी प्रत्येकाशी बोलून. शब्दांनाही इथे फार महत्त्व आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळाच्या चाचणीच्या काळात खूप वेळ खेळणाऱ्याला अनुभवाचे गुण कमी मिळू लागत आणि खेळाडूंना ते शिक्षेसारखे वाटे. कंपनीने कमी दराला नेहमीचा दर म्हटले, जास्त दराला विश्रांतीचा बोनस म्हटले, आणि तीच पद्धत लोकांना आवडू लागली. बोनस कमी करायचाच असेल, तर ‘कापला’ असे सांगण्याऐवजी नेहमीचा दर कोणता आणि जादा कशामुळे मिळते, हे आकड्यांसह लिहावे.

आणखी तीन प्रसंगी स्वतः हात घालू नये. बॅकअप नसताना जुन्या नोंदी बदलाव्या लागत असतील, तर आधी जाणकाराला बोलवावे. एक चुकलेली आज्ञा सगळ्या पात्रांना एकच बळ देऊन जाते. आपण न दिलेले बोनस डेटाबेसात दिसत असतील किंवा व्यवस्थापकाच्या खात्यातून अनोळखी वेळी नोंदी झालेल्या असतील, तर हा हिशेबाचा दोष नसून कुणीतरी आत शिरले आहे. सर्व्हर नेटवर्कपासून तोडावा, काहीही पुसू नये आणि सुरक्षेचे काम करणाऱ्या माणसाकडे द्यावा. आणि बोनस पैसे घेऊन विकलेला असेल, तर त्याचा आकडा बदलण्याआधी वकिलाला आणि सीएला विचारावे. त्यातही खेळातले गुण कोणत्याही वाटेने पुन्हा पैशांत बदलता येत असतील, तर आधी वकील गाठावा, कारण पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे, आणि तिथे प्रोग्रामर काही करू शकत नाही.